कोठी नंतर घ्या, आधी गहू चावून बघा

ताई, लग्नाला तीन वर्षं झाली. आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी, नवरा आणि दोन वर्षांची मुलगी. सासर सिन्नर तालुक्यातलं, घरची शेती. सासूबाई दर एप्रिलमध्ये ८० किलो गहू, थोडी बाजरी, घोटीहून घेतलेला इंद्रायणी तांदूळ आणि तूरडाळ असं वर्षाचं धान्य पाठवतात. गेल्या वर्षी आम्ही रस्त्यावरून एक जुनं निळं प्लॅस्टिकचं पिंप स्वस्तात घेतलं. ३० किलो गहू वापरायला गोणीत ठेवला आणि ५० किलो पिंपात भरून झाकण लावलं. ऑगस्टमध्ये उघडलं तर वर किडेच किडे, आणि गव्हाला औषधासारखा वास. सगळाच्या सगळा टाकून द्यावा लागला. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. आता पुन्हा गहू येईल. नवरा म्हणतो, हवाबंद डब्यांचा महागातला सेट घेऊ. शेजारच्या काकू म्हणतात, बोरिक पावडर लाव. एक दुकानदार गोळ्या देतो म्हणाला. नक्की कोणता डबा घेऊ? की धान्य पाठवूच नका म्हणून सांगू?
— सु., डोंबिवली

सु.,

सगळ्यात आधी ते निळं पिंप घराबाहेर काढा. पिण्याचं पाणी भरायलाही ते ठेवू नका. रस्त्याच्या कडेला जुनी निळी पिंपं विकायला असतात, ती बहुतेक कारखान्यांतून आलेली असतात. तुमच्या डोंबिवलीला तर एमआयडीसी उशालाच आहे. त्यात आधी काय भरलेलं होतं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. प्लॅस्टिक ते रसायन थोडं पिऊन घेतं आणि मग महिनोन्‌महिने हळूहळू सोडत राहतं. साबणानं, सोड्यानं, चिंचेनं कितीही घासा, आत मुरलेलं निघत नाही. तुम्हाला आलेला औषधासारखा वास नुसत्या किड्यांचा नसावा, बहुधा पिंपाचा होता. तो गहू तुम्ही चाळून, ऊन देऊन खायचा मोह टाळलात हे फार बरं केलंत. घरात दोन वर्षांचं लेकरू आहे. पन्नास किलो गव्हाची हळहळ मला कळते, पण तो टाकला याबद्दल मनाला खाऊ नका.

आता किड्यांचं. पिंप बदललं की किडे जातील, असं तुम्हाला वाटतंय हे पत्रातून मला जाणवलं. तसं होत नाही, कारण बहुतेक वेळा किडे बाहेरून येतच नाहीत, ते गव्हातूनच घरात येतात. सोंड्या या धान्यातल्या किड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोक लिंपून टाकते. बाहेरून दाणा अगदी धडधाकट दिसतो. सुपात घ्या, पाखडा, निवडा, तुमच्या नजरेला काही लागत नाही. अळी आतल्या आत दाणा खाते, कोष करते आणि उबदार हवेत महिना-सव्वा महिन्यानं पूर्ण वाढलेला किडा दाणा फोडून बाहेर येतो. एक मादी तिच्या आयुष्यात दोन-तीनशे अंडी घालू शकते. म्हणजे एप्रिलमध्ये पन्नास किलोत मूठभर दाणे लागलेले असले, तर जूनमध्ये चार-दोन किडे दिसतात आणि ऑगस्टमध्ये तुम्ही पाहिलंत ते दिसतं. मधे पिंप उघडलंच नाही, म्हणून तुम्हाला ते एकदम झाल्यासारखं वाटलं.

म्हणून कोठी कोणती, हा प्रश्न दुसरा आहे. कोठीत काय जातंय, हा पहिला. ओलसर, अंडी असलेला गहू तुम्ही सोन्याच्या डब्यात भरलात तरी तो कुजणार आणि किडणारच.

गहू वाळला आहे की नाही, हे माझी आजी दाताखाली धरून सांगायची. दाणा कट्कन तुटला, आवाज आला, तर वाळला. दाताखाली दबला, चिवट लागला, तर अजून ओल आहे. चार वेगवेगळ्या जागचे, त्यातही पोत्याच्या मधले दाणे चावून बघा, कारण वरचे नेहमीच वाळलेले असतात. दुसरी एक परीक्षा आहे, तीही सोपी. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे गहू घाला, त्यात चमचाभर मीठ घाला, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवून द्या. मीठ काचेला चिकटलं तर गव्हात पंधरा टक्क्यांहून जास्त ओल आहे. डोंबिवलीच्या हवेत मीठ आधीच सादळलेलं असतं, म्हणून ते तव्यावर जरा भाजून, गार करून घ्या. मीठ नाही चिकटलं म्हणजे सगळं झालं असंही समजू नका. वर्षभर ठेवायच्या गव्हात ओल बारा टक्क्यांच्या खाली हवी, डाळींत त्याहूनही कमी. तेव्हा परीक्षेत पास झालेल्या गव्हालाही ऊन द्यायचंच.

हे ऊन डोंबिवलीच्या गच्चीवर देत बसू नका. सोसायटीची परवानगी, कबुतरं, तीन जिने, आणि एवढं करून तिथली हवा दमटच. सिन्नर पर्जन्यछायेतला तालुका, एप्रिलचं ऊन तिथं कोरडं आणि कडक. सासूबाईंना सांगा की गहू पोत्यात भरायच्या आधी दोन दिवस अंगणात वाळू द्या. पहिल्या दिवशी उघडा, दोन बोटांपेक्षा जाड थर नको, दुपारी दोन-तीनदा हात फिरवायचा. दुसऱ्या दिवशी खाली काळं प्लॅस्टिक, वर गहू, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक पसरून कडांना दगड. अकरा ते चार. आतला गहू इतका तापतो की हात ठेववत नाही, आणि त्या उष्णतेनं दाण्यातली अंडी-अळ्या मरतात. क्रम मात्र उलटा करू नका. ओला गहू झाकला तर घाम धरेल. आणि पेरणीसाठी ठेवायचं बी यात अजिबात घालू नका, त्याची उगवण जाईल. शेतकऱ्याच्या घरात हे सांगायची गरज नसते, तरी सांगते.

मग गहू रात्रभर गार होऊ द्यायचा. यावर मी जोर देते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. माझ्या संसाराची पहिली चार-पाच वर्षं असतील. संध्याकाळी पाहुणे यायचे होते, म्हणून गच्चीवरचा गहू गरमच पत्र्याच्या कोठीत ओतला आणि झाकण ठोकून बसवलं. दुसऱ्या दिवशी सहज उघडलं तर झाकणाला आतून पाण्याचे थेंब. मी फडक्यानं पुसले आणि परत बंद केलं, एवढ्यानं काय होतंय असं वाटलं. जुलैत वरचे चार बोटं गहू एकमेकांना चिकटून ढेकूळ झाले होते, हिरवट-काळी बुरशी, कुबट वास. बुरशीचं धान्य धुऊन, वाळवून वापरायचं नसतं. बुरशी विष सोडते आणि ते शिजवूनही पुरतं जात नाही. मी ते टाकलं तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत, आणि ते न बोलणं मला जास्त लागलं होतं.

आता डब्याकडे येते.

मोठ्या साठ्यासाठी माझं मत स्पष्ट आहे. धातूची कोठी घ्या, आणि एक मोठी घेण्यापेक्षा दोन लहान घ्या. स्टीलची घेतलीत तर जन्माला पुरेल. जस्ताच्या पत्र्याची स्वस्त पडते, कोरड्या धान्याला तीही चांगली, फक्त तळाशी आणि डागाच्या जोडांवर गंज धरतोय का ते दरवर्षी रिकामी झाली की बघायचं. उंदीर असा पत्रा कुरतडू शकत नाही. प्लॅस्टिक एका रात्रीत कुरतडतो. काही भुंगे तर प्लॅस्टिकची पिशवीही पोखरून आत जातात, म्हणून दुकानातून आलेली डाळ पिशवीसकट फडताळात ठेवून निश्चिंत राहू नका.

दोन लहान का, ते सांगते. तीन माणसांच्या घरात महिन्याला साडेसहा-सात किलो गहू लागतो. ५० किलोची एक कोठी तुम्ही दर आठवड्याला उघडाल तर प्रत्येक वेळी डोंबिवलीची ऐंशी टक्क्यांच्या वर दमट झालेली पावसाळी हवा आत घ्याल, आणि तळातला गहू सहा महिने ती हवा खात राहील. त्याऐवजी २०-२० किलोच्या दोन कोठ्या भरा आणि सात किलोचा एक रोजचा डबा ठेवा. एक कोठी पूर्ण बंद. दुसरी महिन्यातून एकदाच उघडायची, कोरड्या दिवशी, दुपारी, कोरड्या हातानं. डबा भरून घ्यायचा आणि पुन्हा बंद. एका कोठीत काही बिघडलं तरी दुसरी वाचते. गेल्या वर्षी तुमचे पन्नासच्या पन्नास गेले, ते एकाच पिंपात होते म्हणून.

माप काढताना लक्षात ठेवा की एक लिटरच्या भांड्यात साधारण पाऊण किलो गहू मावतो. म्हणजे २० किलोला २७ लिटर लागतात, ३० लिटरची कोठी घ्या. तांदूळ थोडा जास्त मावतो. दुकानदार ‘पंचवीस किलोची’ म्हणतो तेव्हा कशाचे पंचवीस किलो, ते विचारा, किंवा सरळ लिटर विचारा. आणि कोठी काठोकाठ भरा. अर्धी रिकामी कोठी म्हणजे अर्धी कोठी हवा, आणि किड्याला जगायला हवा लागते.

खरी गोम झाकणात आहे. भांड्यांच्या दुकानातल्या पुष्कळ कोठ्यांची झाकणं नुसती वर ठेवल्यासारखी असतात. घरी आणल्यावर एक करा. रात्री दिवे घालवा, मोबाइलची बॅटरी चालू करून फोन कोठीत ठेवा आणि झाकण लावा. ज्या ज्या फटीतून उजेड दिसेल तिथून किडा जाणार आणि दमट हवाही जाणार. जिथं उजेड दिसतो तिथं झाकणाच्या कडेवर पॅकिंगची रुंद चिकटपट्टी सगळीकडून एक वेढा फिरवा. बंद ठेवायच्या कोठीला तर फट असो-नसो, पट्टी लावाच. पूर्वी कणगीचं तोंड शेणमातीनं लिंपत, तेच हे काम. त्याहून पक्कं हवं असेल तर कोठीच्या आत जाड, नवी, खाण्याच्या पदार्थांसाठी असते ती पिशवी घाला, त्यात गहू भरा, हातानं दाबून हवा काढा, पिशवीचं तोंड पिळा, दुमडा आणि दोरीनं आवळून बांधा. मग झाकण. हवाबंद साठवणुकीच्या बहुपदरी पिशव्या अलीकडे शेतकऱ्यांसाठी मिळतात, त्या मिळाल्या तर फारच उत्तम.

हवाबंद म्हटलं की लोकांना वाटतं, ही नवी गोष्ट. माझं माहेर सांगलीकडचं. शेजारच्या हरिपूरला हळदीची पेवं, म्हणजे साठवणीचे जमिनीतले खोल खड्डे, होती, २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळ खराब झाली. धान्याचीही पेवं गावोगाव असत. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, हे लहान मुलांनाही ठाऊक होतं. आधी ते उघडं टाकायचे, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे. कंदील विझला तर अजून थांबायचं. आतला प्राणवायू धान्यानं आणि किड्यांनीच श्वासातून संपवलेला असायचा आणि त्यात किडे गुदमरून मेलेले असायचे. तिथं औषध कुणी घालत नसे. पिशवीत घट्ट बांधलेल्या तुमच्या वीस किलो गव्हात छोट्या प्रमाणावर हेच घडतं, अट एवढीच की तोंड खरोखर बंद हवं आणि पुन्हा पुन्हा उघडायचं नाही. तुमच्या पिंपातले किडे वरच्या थरात गोळा झाले होते, यावरून मला वाटतं की झाकणातून हवा येत होती.

तुमच्या यजमानांना सांगा की डब्यांचा सेट वाईट नाही, पण तो रोजच्या वापराचा आहे. रवा, पोहे, साबुदाणा, महिनाभराची डाळ यांना तो छान. घेताना डबा उलटा करून तळाचा त्रिकोण बघा, आत १, २ किंवा ५ आकडा असावा, पेला आणि काट्याचं चिन्ह असलं तर आणखी बरं. झाकण उघडून नाक आत घाला, नव्या डब्याला वास येत असेल तर तो खाली ठेवा. फिरवून लावायच्या झाकणाच्या आट्यांत पीठ अडकतं आणि त्या पिठात अळ्या वाढतात, म्हणून महिन्यातून एकदा आटे जुन्या टूथब्रशनं कोरून काढायचे. आणि रोजच्या डब्यात जुन्या गव्हावर नवा ओतायचा नाही, हे व्रत म्हणून पाळा. डबा संपू द्या, तळातला भुगा झाडा, धुवा, उन्हात खडखडीत वाळवा, मग भरा. नव्या धान्याला कीड लागते ती पुष्कळदा याच तळातल्या भुग्यातून.

आता काकू आणि दुकानदार.

बोरिक पावडर आपल्याकडे घराघरांत तांदळाला लावतात, मला माहीत आहे. कॅरम बोर्डवर टाकतात आणि झुरळांना घालतात तीच ही. खाण्यात चालणारा हा पदार्थ नाही. तांदूळ निदान धुऊन घेतो, गहू तर आपण सरळ गिरणीत टाकतो. तुमच्या मुलीच्या पोळीत ती जायला नको. काकूंचा मान ठेवून ‘हो’ म्हणा आणि लावू नका.

गोळ्यांबद्दल मात्र मी कडक शब्दांत लिहिते. दुकानदार कोणत्या गोळ्या देणार होता ते तुम्ही लिहिलं नाही. पारद टिकडी असेल तर त्यात पारा असतो, फडक्यात बांधून गव्हात ठेवली म्हणून पारा काही निरुपद्रवी होत नाही. आणि ज्यांना लोक सल्फासच्या गोळ्या म्हणतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतील, तर त्या दुकानाची पायरी चढू नका. हवेतल्या ओलाव्यानं त्या गोळीतून फॉस्फिन नावाचा वायू निघतो. तो गोदामांत, प्रशिक्षित माणसांनी, सगळं बंद करून वापरायचा असतो. बंद खिडक्यांच्या दोन खोल्यांच्या घरात हा वायू माणसांचे जीव घेतो आणि त्यावर उतारा नाही. सामान्य गिऱ्हाइकाला त्या विकायला परवानगीच नाही. शेजारच्या घरात कुणी आणल्याचं कळलं तरी गप्प बसू नका, भिंत एकच असते.

कडुलिंबाचा पाला घाला, हरकत नाही, पण सावलीत चुरचुरीत वाळवून. ओला पाला म्हणजे आपल्या हातानं कोठीत ओल घालणं. त्यानं कीड थोडी लांब राहते, आत असलेली मरत नाही. लवंगा, सुक्या मिरच्या यांचंही तेच. तूरडाळीला मात्र एरंडेल लावाच. किलोला एक छोटा चमचा, दोन्ही हातांनी चोळून, प्रत्येक डाळिंबीला तकाकी येईपर्यंत, मग दिवसभर पसरून ठेवून डब्यात. तेलाच्या पातळ थरामुळे भुंग्याची अंडी डाळीवर तग धरत नाहीत. वरणाला लावायच्या आधी कोमट पाण्यानं धुतली की वास राहत नाही.

तांदळाला गव्हासारखं कडक ऊन देऊ नका, दाण्याला तडे जातात आणि भाताचा चुरा होतो. पंख्याखाली पसरा, तेवढं पुरे. तांदूळ थोडाच असेल तर दोन-दोन किलोच्या पिशव्या करून आळीपाळीनं चार-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, अंड्यांसकट सगळं मरतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, तोवर बाहेरून तिला घाम येईल तो पुसा, मग डब्यात. रवा आणि बेसनाला मी दर पावसाळ्यात हेच करते. इंद्रायणी पॉलिश केलेला असेल तर वर्षभर सहज राहतो. हातसडीचा असेल तर तीन-चार महिन्यांचाच मागवा, कोंड्यात तेल असतं, ते खवट होतं. बाजरी दाण्यातच ठेवा, पीठ आठवड्यापुरतं दळा, नाहीतर भाकरी कडू लागेल. शेंगदाणे पावसाळ्यात फ्रीजमध्ये, आणि काळपट, सुरकुतलेला दाणा दिसला की तो काढून टाकायचा. मीठ, चिंच, आमसूल यांना धातू चालत नाही, काच किंवा चिनी मातीची बरणी.

कोठी जमिनीवर टेकवू नका. पाटावर किंवा लाकडी फळीवर ठेवा, भिंतीपासून वीतभर पुढे. पावसात ओल भिंतीतून येते आणि फरशीतूनही. ज्या कोठीतून गहू काढता तिच्यात महिन्यातून एकदा कोपरापर्यंत हात घाला. आतला गहू गार लागला पाहिजे. उबदार लागला तर बहुतेक आत किडे आहेत, दिसत नसले तरी. ते श्वास घेतात तेव्हा धान्य तापतं. तसं झालं तर त्याच दिवशी गहू बाहेर काढून चाळा, कुबट वास नसेल तर तो पिशव्या-पिशव्यांनी फ्रीजरमधून फिरवा आणि आधी संपवा. बंद कोठीला हात लावायचा नाही, ती बंदच राहू दे. आणि कोठीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून भरल्याची तारीख लिहा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. धान्य पाठवू नका असं सांगू नका. पण ८० किलो एकदम घेऊही नका. सिन्नरच्या घरी मोठी कोठी असणारच, हवा कोरडी आहे, आणि अशा घरातल्या बायकांचा हात धान्यावर वर्षानुवर्षं बसलेला असतो. तुम्ही मे ते दिवाळीपर्यंतचा गहू, म्हणजे ४० किलो, डोंबिवलीला आणा. उरलेला ४० सासूबाईंच्या कोठीत राहू द्या आणि दिवाळीला गेलात की घेऊन या. सगळ्यात वाईट चार महिने म्हणजे जून ते सप्टेंबर, तेवढ्या काळात निम्मा गहू डोंबिवलीच्या दमटपणातून वाचेल.

यासाठी सासूबाईंना गेल्या वर्षीचं सांगावं लागेल. फोनवर नको, निरोपातून तर नकोच. एप्रिलमध्ये दोन दिवस जा, गहू वाळत घालायला त्यांच्या हाताखाली बसा आणि तिथं सांगा. ‘आई, पिंप चुकीचं घेतलं, पन्नास किलो गेला, मला फार वाईट वाटलं म्हणून सांगितलं नाही.’ एवढंच. त्यांना वाईट वाटेल. ज्या बाईनं तो गहू पेरण्यापासून पोत्यात भरेपर्यंत पाहिला, तिला वाटणारच, आणि ते तुम्ही ऐकून घ्या. पण वर्षभर लपवून ठेवलेलं पुढे दुसऱ्याच्या तोंडून कळलं, तर गव्हापेक्षा ते जास्त लागेल. मग त्यांनाच विचारा की गोण्या जुन्या होत्या का. किडक्या धान्याच्या जुन्या बारदानात नवा गहू भरला की कीड शिवणीतून आत येते. यंदा गोण्या उलट्या करून, झटकून, दोन दिवस उन्हात टाकायला सांगा, किंवा नव्या घेऊन जा.

कोठ्या घ्यायला जाण्याआधी ओट्याखालची जागा मोजा, झाकण उघडायला वर वीतभर मोकळं राहील असं बघून. आणि गाडीत गहू चढवायच्या आधी प्रत्येक गोणीतला एकेक दाणा सासूबाईंसमोरच चावून बघा.

तुमची,
ताई